जीर्णोद्धार की जीर्णाचे उच्चाटन?

चैत्र लागला की महाराष्ट्रात गावोगाव ग्रामदैवतांच्या यात्रा सुरू होतात. पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यात, ठाण्या-नाशकात स्थायिक झालेली कुटुंबे दोन दिवसांची सवड काढून गावी जातात, देवीची ओटी भरतात, पालखीला खांदा देतात आणि नातवंडांना ‘हे आपले मूळ’ म्हणून सांगतात. अलीकडे या यात्रेच्या आधी घरोघरी एक गुळगुळीत रंगीत पत्रिका येऊ लागली आहे. ‘ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळा’ असा मथळा, वर महंतांची व खाली लोकप्रतिनिधींची छायाचित्रे आणि शेवटी देणगीचे आवाहन. शहरातील कुटुंब श्रद्धेने यथाशक्ती रक्कम पाठवते. पुढच्या चैत्रात गावी गेल्यावर दिसते ते असे : काळ्या पाषाणाचे ठेंगणे देऊळ जेथे होते तेथे सिमेंटच्या चौकोनी खांबांवर गुलाबी-पिवळ्या तैलरंगाची उंच इमारत उभी आहे. पायाखाली चकचकीत फरशी, भिंतींना न्हाणीघरात शोभाव्यात अशा टाइल्स. जुने कोरीव दगड देवळामागच्या ओढ्यात ढकललेले. आजोबा नातवाला मूळ दाखवायला घेऊन आलेले असतात आणि मूळ ओढ्यात पडलेले असते.

हे चित्र एखाद्या गावापुरते मर्यादित नाही. कोकणातील कौलारू देवळे, देशावरील यादवकालीन शिवालये, मराठवाड्यातील बारवा आणि विदर्भातील हेमाडपंती मंदिरे यांपैकी कितीतरी वास्तू याच वाटेने गेल्या आहेत. मंदिरांच्या विध्वंसाची आठवण हिंदू समाजाच्या मनात शतकानुशतके ठसठसत राहिली आहे आणि ती स्वाभाविकही आहे. पण आज गावागावांत जे पाडले जात आहे, त्यामागे कोणी परका आक्रमक नाही. कुदळ गावकऱ्यांच्याच हातात आहे, पैसा भाविकांचाच आहे आणि हेतूही पूर्णपणे भक्तीचा आहे. म्हणूनच या विषयावर बोलणे अवघड आहे, आणि म्हणूनच ते बोलणे हिंदुत्वाचा विचार मानणाऱ्यांचे पहिले कर्तव्य आहे. अन्य कोणी बोलले तर त्याच्या हेतूविषयी शंका घेता येते. घरच्याने बोलल्यावर ती पळवाट उरत नाही.

शब्दाचा अर्थ विसरला गेला

‘जीर्णोद्धार’ या शब्दातच त्याचा विधी दडलेला आहे. जे जीर्ण झाले त्याचा उद्धार, म्हणजे त्याला वर उचलणे, पुन्हा उभे करणे. जीर्ण झालेल्याला फेकून त्याच्या जागी दुसरे आणणे, हा त्या शब्दाचा अर्थ कधीच नव्हता. मंदिरांची डागडुजी कशी करावी याचा विचार आपल्या पूर्वसूरींनी केला नव्हता असेही नाही. अग्निपुराणात आणि मयमतासारख्या शिल्पग्रंथांत जीर्णोद्धाराचे स्वतंत्र विवेचन आहे. भंगलेली मूर्ती बदलण्याची वेळच आली तर नवी मूर्ती त्याच द्रव्याची आणि त्याच प्रमाणाची असावी, असा अग्निपुराणाचा दंडक आहे. पाषाणाच्या जागी पाषाण, काष्ठाच्या जागी काष्ठ, मापाला माप. देवळाच्या बाबतीत या विवेकाचा सरळ अर्थ इतकाच की पूर्वजांनी जे ज्या रूपात सोपवले, ते त्या रूपात पुढच्या पिढीच्या हाती द्यावे. ज्या समाजाला आपण शास्त्राप्रमाणे चालतो याचा अभिमान आहे, त्याने निदान एवढे शास्त्र पाळायला हरकत नसावी.

यावर गावकऱ्यांचे म्हणणे असते आणि ते ऐकून घेतले पाहिजे. देऊळ म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे. तेथे रोज दिवा लागतो, भजन होते, पंगती उठतात. पावसात गाभारा गळतो. जुन्या सभामंडपात पन्नास माणसे मावत नाहीत. वृद्धांना उंच पायऱ्या चढवत नाहीत. शेजारच्या गावाने पन्नास फुटी शिखर उभारले. आपला देव मात्र अंधाऱ्या खोलीत. यांतील अखेरचा मुद्दा सोडला तर बाकी साऱ्या अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्यांपैकी एकाही अडचणीसाठी जुने देऊळ पाडावे लागत नाही. गळणाऱ्या छपराची दुरुस्ती होते. मोठा मंडप जुन्या वास्तूला न चिकटवता चार पावले अंतर राखून बांधता येतो. वृद्धांसाठी उतरती वाट व कठडा करता येतो. अडचण दहा हजारांची असते आणि उपाय पन्नास लाखांचा निवडला जातो, कारण दहा हजारांच्या कामाला कलशारोहण नसते, पत्रिका नसते आणि कोनशिलाही नसते.

दगड, चुना आणि सिमेंट

दख्खनच्या जुन्या मंदिरांची बांधणी ज्याने एकदा नीट पाहिली, त्याला सिमेंटचा मोह पडणार नाही. काळ्या बेसाल्टचे चिरे एकमेकांत खाचा करून, बहुतेक ठिकाणी कोणताही लेप न वापरता, केवळ भाराच्या तोलावर बसवलेले असतात. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळात, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मध्ये उभे राहिले. साडेनऊशेहून अधिक पावसाळे अंगावर घेऊन ते आजही उभे आहे आणि तेथे आजही पूजा होते. त्याच्या तुलनेत लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचे आयुष्य काही दशकांचे. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत तर सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणजे आठशे वर्षे टिकलेले पाडून, नातवाच्या म्हातारपणी पुन्हा पाडावे लागेल असे काहीतरी गाव बांधते आणि त्याला विकास म्हणते.

जेथे देऊळ पाडले जात नाही तेथे त्याला ‘सजवले’ जाते. त्याचे परिणामही कमी गंभीर नाहीत. दगड श्वास घेतो. त्यात शिरलेला ओलावा बाहेर पडण्यास वाट लागते. जुन्या चुन्याच्या दरजा ती वाट मोकळी ठेवत; सिमेंटच्या दरजा ती बंद करतात. तैलरंगाचा थर चढला की पाणी आतच कोंडते, क्षार साचतात आणि काही वर्षांनी रंगाबरोबर दगडाची कातडीही सुटून येते. हा रंग काढायचा म्हणून मग यंत्राने वाळूचा मारा केला जातो. त्या माऱ्यात कारागिराच्या छिन्नीची खूण, मूर्तीच्या बोटांची नखे, वस्त्राची चुणी, सारे पुसले जाते. जमिनीवर फरशी घालताना तळ चार-सहा बोटे वर येतो. उंबऱ्यावरचे कीर्तिमुख आणि भिंतीच्या तळाशी असलेला शिलालेख त्याखाली कायमचा गाडला जातो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीची झीज, १९५५ चा वज्रलेप आणि २०१५ चे रासायनिक संवर्धन हा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. जेथे लक्षावधी भाविकांचे लक्ष असते अशा शक्तिपीठाच्या मूर्तीलाही एवढी काळजी घ्यावी लागत असेल, तर आडगावातील देवीला कोण वाली?

पुरावा म्हणजे दगडच

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत श्रीरामललाची प्राणप्रतिष्ठा झाली. त्यासाठी झालेल्या दीर्घ संघर्षात कारसेवकांचे बलिदान होते, संतांचे तप होते. पण न्यायालयात बोलला तो दगड. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००३ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जे उत्खनन केले, त्यात स्तंभांचे पाये व जुन्या वास्तूचे अवशेष सापडले. खालची वास्तू इस्लामी नव्हती, हा त्यातून निघालेला निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात विचारात घेतला. भग्न खांब, तुटकी शिल्पे, मातीखालच्या विटा यांचे मोल काय असते, हे या देशात हिंदू समाजाइतके कोणाला कळायला हवे? अयोध्येचा विजय साजरा करताना ज्या गावाने गुढ्या उभारल्या, त्याच गावाने आपल्या शिवालयाचे स्तंभ रस्त्याच्या भरावात घालावेत, यासारखा विरोधाभास नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. राममंदिराच्या बांधकामात लोखंड व पोलाद वापरलेले नाही. राजस्थानच्या बन्सी पहाडपूरचा दगड परंपरागत पद्धतीने घडवून तो बसवला आहे. अयोध्येचा आदर्श गावात न्यायचाच असेल तर भिंतीवरच्या चित्राबरोबर हा आदर्शही न्यावा.

देवळाच्या आवारातील इतर दगडांची कथा तर अधिकच करुण आहे. महाराष्ट्रातील असंख्य गावांच्या वेशीवर, पारावर, ओढ्याकाठी वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत युद्ध, कित्येकदा गाईंच्या रक्षणासाठी दिलेली झुंज. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात नेत आहेत. वरच्या चौकटीत तो शिवपिंडीची पूजा करतो आहे आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गाव वाचवताना पडलेल्या कोणा अनाम पूर्वजाचे ते स्मारक असते. त्यावर आज कोठे शेंदराचे थर आहेत, कोठे धुणे धुतले जाते, कोठे तो गटाराचे झाकण झाला आहे. हुतात्म्यांच्या स्मरणाचे कार्यक्रम करणाऱ्या समाजाने स्वतःच्या गावच्या पहिल्या हुतात्म्याला ओळखू नये, ही लाजेची गोष्ट आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या आनंदात फारच थोड्यांना आठवले की या भाषेच्या वयाचा दाखला मुख्यतः दगडांनीच जपला आहे. रायगड जिल्ह्यातील आक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख मराठीतील सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. तो दीर्घकाळ रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस सोसत पडून होता. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातील ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ यादव काळात मंदिरासाठी दान देणाऱ्यांची नावे सांगतो. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून भाविक त्याला पाठ घासत आले आहेत. त्या श्रद्धेचा आदर राखूनही म्हणावेसे वाटते की त्या लेखात सातशे वर्षांपूर्वीच्या भाविकांची नावे आहेत, आणि आजच्या भाविकांच्या पाठीखाली ती झिजत गेली.

निधी आला, विवेक गेला

या प्रश्नाला राजकारणाचीही एक बाजू आहे. ग्रामदेवतेच्या देवळाला सभामंडप हे निवडणुकीचे सर्वपक्षीय आश्वासन झाले आहे. त्यात डावे-उजवे असा भेद नाही. निधी मंजूर होतो, तो मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे, ठेकेदार ठरलेला असतो. सिमेंट, सळई, फरशी यांचे अंदाजपत्रक एका दिवसात होते. चुना मळणारा गवंडी आणि दगड घडवणारा पाथरवट त्या अंदाजपत्रकात सहसा बसत नाही. काम पुरे होते तेव्हा देवाच्या नावापेक्षा निधी देणाऱ्याच्या नावाची अक्षरे मोठी असतात. अहिल्यादेवी होळकरांची त्रिशताब्दी २०२५ मध्ये सर्वत्र साजरी झाली. काशी विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० साली उभारले, घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा घातल्या. त्यांच्या नावाच्या घोषणा देणाऱ्यांनी त्यांच्या बांधकामाची रीतही पाहावी. सव्वादोनशे वर्षांनंतरही त्यांचे घाट नावेतून उतरणाऱ्या यात्रेकरूच्या पायाखाली भक्कम आहेत.

दोष केवळ गावाचा व पुढाऱ्यांचा आहे असेही नाही. महाराष्ट्रात केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे पावणेतीनशेहून अधिक आणि राज्याच्या खात्याकडे साडेतीनशेहून अधिक संरक्षित स्मारके आहेत. त्याबाहेरच्या हजारो मंदिरांना कायद्याचे कोणतेही कवच नाही. शिवाय जेथे कवच आहे तेथे ते गावाला जाचक वाटते. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट, ही २०१० ची तरतूद आहे. गावाच्या मधोमध देऊळ असेल तर निम्म्या गावाच्या घरदुरुस्तीवर तिचे सावट पडते. म्हणून देवळाची प्राचीनता उजेडात येऊच नये, असे गावकऱ्यांना वाटू लागते. वारसा जपणाऱ्याला शिक्षा आणि पुसणाऱ्याला निधी, अशी ही उलटी व्यवस्था आहे. सरकारने ती बदलली पाहिजे, यात शंका नाही. पण समाजाने आपला देव सरकार जपेल म्हणून वाट पाहण्याची परंपरा या भूमीत नाही.

नार्वे आणि पंढरपूर

योग्य मार्ग कोणता, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. गोव्यातील दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे मंदिर पोर्तुगीज राजवटीत उद्ध्वस्त झाले. देव डिचोली महालातील नार्वे येथे हलवला गेला आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथे त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. त्याची नोंद करणारा शिलालेख मंदिरावर आहे. हे मंदिर भव्य नाही. कौलारू उतरत्या छपराचे, साधे, गोव्याच्या मातीतले आहे. शतकांनंतर ते जीर्ण झाले तेव्हा गोवा सरकारने त्याच्या जागी मोठे मंदिर बांधण्याचा मोह टाळला, जुन्या रूपातच त्याचे संवर्धन केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. महाराजांनी उभे केले ते महाराजांच्याच रूपात राहिले.

दुसरे उदाहरण पंढरपूरचे. विठ्ठल-रुक्मिणी मंदिराला मूळ रूप देण्यासाठी राज्य सरकारने ७३ कोटींहून अधिक रकमेचा आराखडा मंजूर केला. मार्च ते जून २०२४ या काळात पदस्पर्श दर्शन बंद ठेवून गाभाऱ्यात काम झाले. वर्षानुवर्षे चढवलेल्या फरश्या, रंगाचे थर, चांदीचे मखर हे सारे उतरवले गेले आणि खालून काळाभोर पाषाण बाहेर आला. जो सावळा म्हणून संतांनी आळवला, त्याचा गाभाराही त्याच वर्णाचा होता, हे वारकऱ्यांच्या आजच्या पिढीने पहिल्यांदा पाहिले. त्याच कामात मे २०२४ च्या अखेरीस मंदिरात एक तळघर आढळले आणि त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या. लाखो वारकऱ्यांनी अडीच महिने पदस्पर्शाविना राहणे सोसले. श्रद्धा आणि संवर्धन यांचे वैर आहे, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही.

कार्यकर्त्याचे काम

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने शताब्दीच्या निमित्ताने ज्या पंच परिवर्तनाचा आग्रह धरला, त्यात ‘स्व’चा बोध हे एक सूत्र आहे. गावाच्या ‘स्व’चा सर्वांत जुना दस्तऐवज गावच्या देवळात दगडावर कोरलेला असतो. तो वाचणे, निदान तो वाचणाऱ्याच्या येईपर्यंत सांभाळणे, हे काम कोणत्याही शाखेला, वस्तीला, महिला मंडळाला करता येण्यासारखे आहे. दर रविवारी गडकोटांवर जाऊन झाडोरा काढणारे, टाकी उपसणारे शेकडो तरुण महाराष्ट्रात आहेत. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. त्यात या निष्ठेचाही वाटा आहे. त्यांतील निम्म्या हातांनी महिन्यातून एक रविवार स्वतःच्या गावच्या देवळाला दिला तरी पुष्कळ होईल. देवळाची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मापे घ्यावीत, अक्षरे दिसतील त्या दगडाची नोंद जाणकाराकडे पाठवावी. ओढ्यातले वीरगळ उचलून पारावर एका ओळीत उभे करावेत आणि ते कशाचे स्मारक आहे हे शाळेच्या मुलांना सांगावे.

यात सामाजिक समरसतेचेही एक अंग आहे. हे देऊळ घडवणारा पाथरवट, दगड फोडणारा वडार, लाकूड कोरणारा सुतार, पिढ्यान्‌पिढ्या दिवा लावणारा गुरव यांच्या हातांची साक्ष या वास्तूखेरीज अन्यत्र फारशी उरलेली नाही. ग्रंथांत राजांची नावे आली. कारागिराचे नाव छिन्नीच्या टोकाने लिहिले गेले. गुळाच्या पाण्यात, बेलफळाच्या रसात चुना मळण्याची कला जाणणारे हात आज फार थोडे उरले आहेत. सिमेंटला दिलेली देणगी ठेकेदाराकडे जाते. चुन्याला दिलेली देणगी या हातांना काम देते.

आणि सर्वांत मोठी जबाबदारी शहरातील देणगीदाराची आहे, कारण आजचा जीर्णोद्धार त्याच्याच पैशावर उभा आहे. पत्रिका घरी आली की रक्कम पाठवण्यापूर्वी त्याने गावाला तीन प्रश्न विचारावेत : जुन्या देवळाचे काय करणार, त्यातील दगड-लाकूड कोठे ठेवणार, आणि जाणकाराला दाखवले आहे काय? देणगी नाकारण्याची गरज नाही. ती छपराच्या दुरुस्तीसाठी, चुन्याच्या दरजांसाठी, बाजूला बांधायच्या मंडपासाठी आहे, जुन्या दगडाला हात लावण्यासाठी नाही, एवढी एक ओळ सोबत लिहावी. अशी दहा पत्रे गेली तर गावच्या बैठकीत तो विषय निघेल. काही ठिकाणी कटुताही येईल, ‘शहरात बसून शहाणपण शिकवतात’ असे शब्दही ऐकावे लागतील. ते ऐकून घेऊन त्याने सुट्टीत गावी जावे, बैठकीला बसावे आणि दुरुस्तीच्या दिवशी घमेले उचलावे.

हिंदू समाजाने गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपली मंदिरे परत मागण्याचे धैर्य मिळवले. जी मंदिरे कोणी हिरावून घेतली नव्हती, जी आजोबांच्या हातून वडिलांच्या हाती आणि वडिलांच्या हातून मुलाच्या हाती सुखरूप आली होती, ती जपण्याची समज आता मिळवायची आहे. येत्या चैत्रात पालखीला खांदा देण्यापूर्वी प्रत्येकाने देवळामागच्या ओढ्यात एकदा उतरून पाहावे. तेथे जो दगड चिखलात पालथा पडलेला दिसेल, तो उलटून पाहावा. बहुधा त्याच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी कोरलेले असेल.